पिंपावरील चिठ्ठी कोठे हरवते?

बंगळूरच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर तलावाचे नाव देशभर झाले ते तेथील पाण्यामुळे नव्हे, तर पाण्यावरील फेसामुळे आणि आगीमुळे. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी या तलावावर आगी लागल्या; पावसानंतर पांढऱ्या फेसाचे ढीग वाऱ्याबरोबर उडून रस्त्यावर आले. अशा वेळी लोकांची दृष्टी प्रथम कारखान्यांकडे वळते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१७ साली तलावाभोवतीचे प्रदूषक कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, आणि तो योग्यच होता. तथापि फेस उत्पन्न करणारे द्रव्य बहुतांशी घरोघरच्या मोऱ्यांतून येते. धुण्याच्या चुऱ्यांत व द्रवांत जी पृष्ठसक्रिय द्रव्ये असतात, ती प्राणवायू नसलेल्या पाण्यात नीट विघटन पावत नाहीत. तळच्या गाळास चिकटून राहतात आणि पावसाच्या लोंढ्याने गाळ ढवळला की पुन्हा वर येतात.

हे द्रव्य मोरीत ओतणाऱ्या हातांस त्याविषयी काय सांगितले होते? बहुधा काहीच नाही. बेळ्ळंदूरच्या प्रश्नाची ही बाजू यंत्रांच्या आणि दंडाच्या चर्चेत मागे पडते, म्हणून तिचा विचार येथे करावयाचा आहे.

समजा, लोटे-परशुराम येथील औद्योगिक वसाहतीतून सोडियम हायपोक्लोराइटची, म्हणजे द्रवरूप विरंजकाची, काही पिंपे निघाली. कारखान्यात त्या द्रव्याचे सुरक्षा-माहितीपत्रक असते. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक पद्धतीनुसार अशा पत्रकाचे सोळा भाग असतात: चौथ्यात प्रथमोपचार, दहाव्यात कशाशी संयोग होऊ देऊ नये ते, बाराव्यात जलचरांवरील परिणाम, तेराव्यात विल्हेवाट. मालमोटारीवर धोक्याचा फलक लागतो व त्यावर या द्रवाचा १७९१ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशी मजल मारीत पिंपे बंगळुरास पोहोचतात. येथपर्यंत माहिती मालाच्या सोबत असते.

पुढे ठोक व्यापारी पिंप फोडून पाच-पाच लिटरांचे डबे भरतो. पिंपावरची चिठ्ठी पिंपावरच राहते. बेळ्ळंदूरच्या एखाद्या गृहसंकुलाचा सफाई-कंत्राटदार ते डबे घेतो, आणि सफाई करणारी बाई त्यातील द्रव पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून मजल्यामजल्यावर नेते. तिच्या दुसऱ्या बाटलीत संडास धुण्याचे आम्ल असते; तेही अशाच मार्गाने आलेले. त्याचा क्रमांक १७८९. दोन्ही द्रव एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो आणि कोंदट न्हाणीघरात तो फुप्फुसांस इजा करतो. पत्रकाच्या दहाव्या भागात हे स्पष्ट लिहिलेले असते; पण ते पत्रक शेकडो मैलांवरच्या कपाटात असते, बाई न्हाणीघरात असते. काम उरकल्यावर उरलेले विरंजक ती मोरीत ओतते. बंगळुरातील मोठ्या संकुलांस स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र ठेवावे लागते, आणि त्यातील शुद्धीकरण जिवाणू करतात. विरंजकाचा मोठा लोट आला की हे जिवाणूच मरतात व अर्धेकच्चे पाणी पुढे जाते. तेराव्या भागात याचीही सूचना असते.

या बाबतीत भारतात कायदा नाही असे नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट वायू पसरला, तेव्हा रुग्णालयातील वैद्यांसमोर रोगी होते, पण वायू कोणता आणि त्यावर उपाय कोणता याची खात्रीलायक माहिती नव्हती. त्या अनुभवानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८९ साली घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम आले. त्यातील सतराव्या नियमाने माहितीपत्रक तयार ठेवणे आणि प्रत्येक पात्रावर आतील वस्तू व निर्मात्याचे नाव-पत्ता लिहिणे बंधनकारक केले. मात्र ते पत्रक मागितल्यास पाहावयास मिळावे, एवढीच अपेक्षा नियमात आहे. ज्यास धोका आहे हेच ठाऊक नाही, त्याने माहिती मागावी कशी? हाच त्या नियमाचा दुबळा सांधा आहे. वस्तू जेथे सुटी होते, तेथे माहितीही तिच्याबरोबर वाटली जावी, आणि ती जबाबदारी पात्र बदलणाऱ्याची असावी, असे नियमातच लिहिले जाणे अवश्य आहे.

यावर व्यापारगुपिताचा आक्षेप घेतला जातो. परंतु द्रव कशाचा बनला ही एक गोष्ट आणि तो कशात मिसळू नये ही दुसरी. दुसरी सांगितल्याने पहिली फुटत नाही. खर्चाचा आक्षेप याहून खरा आहे, विशेषतः लहान दुकानदाराच्या बाबतीत. त्यास सोळा भागांचे पत्रक छापावयास सांगणे हे त्याने ते न छापण्याची व्यवस्था करण्यासारखेच होय. चार ओळींची चिठ्ठी पुरे: नाव, कशात मिसळू नये, अंगावर उडाल्यास काय करावे, उरलेले कोठे टाकू नये.

भाषेचा प्रश्न मात्र सोपा नाही. बेळ्ळंदूरच्या संकुलांत कानडी, तेलुगू, बंगाली, हिंदी बोलणारे हात एकत्र काम करतात. चिठ्ठी इंग्रजीत असली तर ती कोणासाठीच नसते. लाल चौकटीतील चित्रखुणा यासाठीच योजिल्या गेल्या. पण चित्र आपोआप बोलते हाही भ्रमच आहे. कवटीचा अर्थ सर्वांस कळतो. नुसते उद्गारचिन्ह पाहून कोणास काय समजावे? निष्पर्ण झाड आणि मेलेला मासा ही खूण पाण्यातील जीवसृष्टीच्या धोक्याची, पण तिचा अर्थ शाळेत कोणी शिकवीत नाही. अक्षरओळख जशी शिकवावी लागते, तशी ही नऊ चित्रेही शिकवावी लागतील. विज्ञानाच्या एका तासाचे ते काम आहे.

तलावाची डागडुजी चालू राहील, गाळ निघेल, यंत्रे बसतील. बेळ्ळंदूरचे पाणी मात्र तेथेच थांबत नाही. ते वर्तूरच्या तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीने तामिळनाडूत शेतांकडे जाते. त्या पाण्याबरोबर चिठ्ठी जात नाही. जे काही सांगावयाचे ते बाटली मोरीत रिती होण्यापूर्वीच सांगावे लागते.