हत्यारं नाहीत ही सबब

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, मलाही तुमच्यासारखा रणगाडा करायचाय, पण आधी हत्यारांची जमवाजमव करतोय. यादी चाळीस वस्तूंची झालीय. एअरब्रश, छोटं लेथ, पितळी पत्रे वाकवायचा शेगडा, भिंगाचा दिवा..." मी म्हटलं, "बाळा, आणि रणगाडा कुठला करणार?" तर म्हणाला, "ते अजून ठरवलं नाही."

मंडळी, आजचं हे लिखाण त्या उत्तरावर आहे.

तेहतीस वर्षं मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. "सर, कंपासपेटी नाही म्हणून गृहपाठ राहिला" हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. त्यात खरी अडचण असलेली मुलं थोडी. त्यांना मी पेटी दिली. बाकीच्यांची अडचण पेटीची नव्हतीच. निवृत्तीनंतर हा छंद लागला, आणि आता माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान माणसांच्या तोंडून तीच कंपासपेटी ऐकतो. माझं स्पष्ट मत सांगतो. छोट्या प्रतिकृतीवर स्वतःच्या हातांनी बारीकसारीक भाग करायला लागणारी हत्यारं घरात बहुतेक असतातच. कमी पडतं ते बघणं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. माझ्या फजितीचीच गोष्ट आहे.

आमचे थोरले दाजी (आक्काचे यजमान) चिलखती दलात चालक होते. १९७१ च्या लढाईत शकरगडच्या बाजूला त्यांनी सेंच्युरियन चालवला. ते रणगाडा म्हणत नाहीत, 'गाडी' म्हणतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी तामिया या जपानी कंपनीचा सेंच्युरियनचा जुना संच मिळवला. महिनाभर खपून, रंगबिंग देऊन त्यांच्यापुढे ठेवला. दाजींनी चष्मा पुसून पाहिला. "छान आहे. कुणाची गाडी?"

"तुमचीच की!"

"माझी नाही. माझ्या गाडीच्या नळीला मध्ये फुगवटा होता."

झालं! संच होता मार्क ३ चा, आणि आपल्याकडचे सेंच्युरियन मार्क ७. त्यांच्या तोफेच्या नळीवर मध्यावर एक जाड फुगवटा असतो. तो शोभेचा नाही. गोळा नळीतून पुढे जाताना मागचा थोडा वायू बारीक भोकांतून त्या पोकळीत शिरतो. गोळा बाहेर पडला की तोच वायू नळीच्या तोंडाकडे झेपावतो आणि उरलेला धूर आपल्याबरोबर ओढून नेतो. नाहीतर तोफेची मागची बाजू उघडताच सगळा धूर आत बसलेल्यांच्या नाकातोंडात. म्हणजे ज्या भागाने दाजींच्या साथीदारांचा श्वास मोकळा राहिला, तोच भाग मी गाळला होता. आणि रंग मात्र काय सुरेख दिला होता!

दुसऱ्यांदा करायला बसलो तेव्हा आधी बघायला गेलो. आमच्या अहिल्यानगरात (जुन्या तोंडाला अजून नगरच येतं) रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. तिथं सेंच्युरियनभोवती वही घेऊन इतक्या फेऱ्या मारल्या, की तिथल्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याचं काही हरवलं. टेप नव्हती. माझी वीत साडेआठ इंचांची, हे शाळेपासून पाठ. १/३५ या प्रमाणात ती वीत सहा मिलिमीटरच्या जरा वर येते. विती, बोटं आणि वही, एवढ्यावर मोजमाप झालं. पडताळा घ्यायला एकच माप हाताशी हवं. सेंच्युरियनची रुंदी ३.३९ मीटर, म्हणजे प्रतिकृतीवर सुमारे ९७ मिलिमीटर. बाकी सगळं त्रैराशिक.

या १/३५ ची एक गंमत आहे. १/४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच, १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. त्यांना हिशेब आहे. पण ३५ का? तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने जर्मन पँथर रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृती काढली, आणि आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तिचा आकार ठेवला. नंतर मोजलं तर प्रमाण भरलं सुमारे १/३५! आज जगभरचे लोक ज्या प्रमाणाची शपथ घेतात, ते बॅटरीच्या सेलच्या सोयीने ठरलं. तेव्हा हाताशी आहे त्यावर भागवण्यात कमीपणा मानू नये, ही आपल्या छंदाची कुळकथाच आहे.

आता माझी हत्यारं ऐका. औषधाच्या दुकानातलं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि त्याची मूठ, स्टीलची पट्टी, पॉलिशपेपरचे तीन तुकडे, नेलकटर, शिवणाच्या सुया, मेणबत्ती, कपडे वाळत घालायचे चिमटे. फेविकॉल आणि फेविक्विक. विकत घेतलेली खास चीज एकच, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल.

तो फुगवटा साध्या वहीच्या कागदाचा केला. साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड. फेविकॉल लावत पट्टी नळीभोवती गुंडाळायची. पंधरा वेढ्यांत दीड मिलिमीटरची भर पडते. वाळल्यावर वरून फेविक्विक मुरवायचं, म्हणजे कागद दगडासारखा होतो, आणि मग पॉलिशपेपरने दोन्ही टोकं उतरती करायची. पहिले दोन बिघडले. खर्च? वहीची दोन पानं.

हातांनी धरायच्या कड्या तांब्याच्या तारेच्या. खरी सळी बारा-तेरा मिलिमीटरची धरली, तर प्रतिकृतीवर ०.३५ च्या आसपास तार हवी. ओढायचा पोलादी दोर म्हणजे जुन्या वायरमधले तांब्याचे तंतू सोलून, पीळ देऊन. सुटे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात, तिची काडी मेणबत्तीवर (ज्योतीत नव्हे, ज्योतीच्या वर) मऊ करून अलगद ओढली की केसासारखा धागा निघतो. वेल्डिंगची शीग करायला तो धागा सांध्यावर चिकटवून, थिनर लावून मऊ करायचा आणि ब्लेडच्या टोकाने टोचत जायचं. (खिडकी उघडी ठेवून बरं का. पहिल्या वेळी डोकं धरलं आणि सौभाग्यवतींचं बोलणं खावं लागलं.) चाकांच्या बाजूचे पत्रे शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्यातून कापले. ताडपत्री आणि वळकट्या पातळ फेविकॉलमध्ये बुडवलेल्या टिश्यूपेपरच्या.

एक ठेच सांगून ठेवतो. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाची छान पट्टी निघते म्हणून वापरली, तर संचाच्या गोंदाने ती काही चिकटेना. कार्ड पीव्हीसीचं, संच पॉलिस्टायरिनचा, जात वेगळी. दह्याच्या किंवा आइस्क्रीमच्या ज्या कपावर त्रिकोणात ६ आकडा असतो, ते प्लॅस्टिक संचाच्या जातीचं. कार्डासाठी फेविक्विकच हवं.

"पण हे सगळं ओबडधोबड दिसत असेल ना?" भाच्याने विचारलंच. त्याला पट्टीच्या भाषेत उत्तर दिलं. संचातला पत्र्याचा भाग साच्यातून निघावा म्हणून एक मिलिमीटर जाड असला, तर १/३५ मध्ये तो ३५ मिलिमीटरचा पत्रा झाला! शीतपेयाचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन. आता कोण सत्याच्या जवळ? गरिबीची वस्तू दर वेळी खोटीच असते असं नाही.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर एकांगी होईल. नातू त्रिमितीय छपाईने भाग काढून देतो, आणि ते माझ्या हातच्या भागांहून नेटके असतात. पट्ट्याचे शेकडो एकसारखे दुवे मी ब्लेडने कापत बसणार नाही. तसं करणं हा हट्ट, कष्ट नव्हे. जे हजार गाड्यांवर सारखं आहे, ते खुशाल छापावं, विकत घ्यावं. पण एका गाडीचं जे तिचं स्वतःचं असतं (वाकलेला मडगार्ड, एका कोपऱ्यात बांधलेली वळकटी), ते कुठल्या पाकिटात मिळणार? ते कुणीतरी पाहिलेलं असतं, आणि त्या पाहणाऱ्याला विचारावं लागतं.

आणि इथेच माझी दुसरी फजिती झाली. नळी जमली म्हणून मला चेव चढला. एका परदेशी छायाचित्रात सेंच्युरियनच्या बुरुजामागे पाण्याचे कॅन ओळीने बांधलेले दिसले. मीही सहा केले, पट्ट्याबकलांसह, आठ दिवस खपून. फार देखणे झाले होते. पण या दुसऱ्या गाडीला मला चार वर्षं लागली, आणि तेवढ्यात काचबिंदूने दाजींची नजर जवळजवळ गेली होती. मी गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांची बोटं पुढून फिरू लागली. उजव्या हाताला चालकाचं झाकण लागलं. "ही माझी जागा." मग नळी, मग फुगवटा. तिथं बोट थांबलं आणि नुसती मान हलली. मग बुरुजाच्या बाजूच्या पेट्या, मग मागे. आणि भुवया आक्रसल्या.

"हे काय लावलंस?"

"पाण्याचे कॅन."

"आमच्या गाडीवर इथं नव्हते. इथं वळकट्या असायच्या."

माझ्या आठ दिवसांच्या कौतुकाची किंमत तेवढीच. पण राग आला तो स्वतःचा. जन्मभर मुलांना सांगत आलो की आधाराशिवाय इतिहासात वाक्य लिहू नये. आणि इथं मी केवळ शोभेसाठी दुसऱ्याच सैन्याचा पुरावा यांच्या गाडीवर बांधला होता. त्याच संध्याकाळी कॅन कापून काढले. माझ्या मते बारीक काम म्हणजे साक्ष. जास्त बोलणारा साक्षीदार खरा असतोच असं नाही.

सौभाग्यवती विचारतात, मारायचं यंत्र दिवाणखान्यात कशाला? प्रश्न रास्त आहे, झटकण्यासारखा नाही. मी एवढंच म्हणतो की त्या एक्कावन्न टनांच्या पोलादात चार माणसं बसायची. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर १९६५ साली फिलोराच्या लढाईत जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत आणि पाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला पडले. त्याच पलटणीचा, पुण्यात जन्मलेला अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत गेला, एकवीस वर्षांचा. दोघांनाही परमवीरचक्र, दोघेही सेंच्युरियनमध्ये. एकवीस म्हणजे आमच्या शाळेतून बाहेर पडून पाचच वर्षं झालेला मुलगा. हे डोक्यात ठेवून कडी वाकवली, तर हातून खेळणं होत नाही. वर चढताना त्यांनी धरली असेल ती कडी. ती कुठे होती हे नीट बघणं एवढं तरी आपल्याच्याने व्हावं.

तर भाच्याला मी गृहपाठ दिला आहे. पहिला महिना काहीही विकत घ्यायचं नाही. एक गाडी ठरवायची, तिच्याबद्दल जाणणारा माणूस गाठायचा आणि वही भरायची. दुसऱ्या महिन्यात ब्लेड आणि पट्टी. त्यानंतर ज्या हत्यारावाचून काम तीनदा अडेल तेच घ्यायचं. पोरगं कुरकुरतंय. बघू.

दाजींची गाडी आता त्यांच्याच पलंगाशेजारी असते. गेल्या महिन्यात आक्काचा फोन आला, दाजी नाराज आहेत, हात फिरवताना झाकणाजवळची कडी तुटली. मी गेलो. त्यांनी जपून ठेवलेला तारेचा तुकडा हातावर ठेवला, अपराध्यासारखा. विकतची असती तर कुठून आणली असती? खिशातून तार काढली, नेलकटरने तोडली, पट्टीच्या कडेवर वाकवली. दहा मिनिटांचं काम.

दाजींनी चाचपून पाहिली. म्हणाले, "जराशी खाली घे." घेतली.