ताटाची खतावणी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसई पूर्वेला चिंचोटीचा नाका लागतो. येथूनच कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता फुटतो. भिवंडीच्या गोदामांतील काम आटोपून परतणारे व्यापारी, आगाशी तीर्थावर श्री मुनिसुव्रत स्वामींचे दर्शन घेऊन मुंबईकडे निघालेली कुटुंबे, पावसाळ्यात धबधब्याच्या ओढीने आलेली तरुण मंडळी, सर्वांनाच या पट्ट्यात भूक लागते आणि गाडी हॉटेलासमोर थांबते. जैन कुटुंबाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कांदा, लसूण, बटाटा नाही ना? वेटरने मान हलवली की मन निश्चिंत होते. या ताटात तेल किती, तूप किती, साखर किती, हा दुसरा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

तो विचारण्याची वेळ आली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे असून प्रमाण ११.४ टक्के आहे. सकाळी दुकान उघडून रात्रीपर्यंत गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याने हा आकडा दुसऱ्या कोणाचा म्हणून सोडून देऊ नये. बैठे काम, अवेळी जेवण आणि आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरचे ताट या तिन्ही गोष्टी त्याच्याच दिनक्रमात एकत्र येतात.

शासनाने या बाबतीत काही पावले उचलली आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे केंद्रीय परवाना असलेल्या, किंवा दहा अथवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे त्याचे उष्मांक, म्हणजे कॅलरी, छापणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२२ पासून ही तरतूद लागू झाली. मोठ्या साखळी हॉटेलांतील मेनूकार्डावर किमतीशेजारी दुसरा आकडा दिसतो, तो हाच. परंतु महामार्गावरचे एकटेदुकटे हॉटेल या नियमाच्या कक्षेत सहसा येत नाही.

यात जैन ग्राहकाने ध्यानात घ्यावी अशी एक मेख आहे. ग्राहकाच्या सांगण्यावरून बदल करून दिलेल्या पदार्थांना या नियमातून सूट आहे. म्हणजे साखळी हॉटेलात बसून ‘हीच भाजी जैन करून द्या’ असे सांगितले, की कार्डावरचा आकडा त्या भाजीला लागू राहतोच असे नाही. साधर्मिक वात्सल्यासारख्या प्रसंगी स्वयंपाक करणारे केटररही या नियमाबाहेर आहेत. तेव्हा हिशेब ज्याचा त्यानेच मांडला पाहिजे.

जैन भाजीचा हिशेब वेगळा का होतो? कांदा परतून आटवला की रश्श्याला दाटपणा येतो. तो वगळल्यावर हॉटेलचा आचारी दाटपणासाठी काजूची पेस्ट, मगजबी, साय आणि लोणी यांचा आधार घेतो. बटाट्याच्या जागी कच्चे केळे येते, तेही बहुधा तळून. आपला नियम पाळला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण नियमात बसणारा पदार्थ हलका असतोच, ही समजूत चुकीची आहे.

आता एक ताट खतावून पाहू. आकडे अंदाजी आहेत. हॉटेलागणिक ते कमीअधिक होतील. मूळ हिशेब सोपा आहे : १ ग्रॅम पिष्ट पदार्थ किंवा प्रथिने यांतून ४ उष्मांक मिळतात, तर १ ग्रॅम स्निग्धातून ९. समजा, एका व्यापाऱ्याने दोन बटर नान, पनीरची जैन भाजी, दालतडका-भात, तळलेला पापड आणि गोड लस्सी घेतली. दोन नानांचा मैदा व लोणी मिळून सुमारे ५६०. भाजीच्या वाटणीत ७५ ग्रॅम पनीर, तेल-लोणी, काजू व साय धरून सुमारे ४७५. तूप सोडलेल्या डाळीसह भात ३६५. लस्सी २६० आणि पापड ९०. बेरीज १,७५० उष्मांक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची गरज २,११० उष्मांकांची आणि ५५ किलो वजनाच्या तशाच स्त्रीची १,६६० ची आहे. हेच ताट त्या व्यापाऱ्याच्या पत्नीनेही घेतले, तर तिची संपूर्ण दिवसाची रक्कम एका बैठकीतच खर्ची पडली. सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण आणि दुकानातला चहा-फरसाण हा सारा त्यावरचा ओव्हरड्राफ्ट. त्याचे व्याज रक्ततपासणीच्या कागदावर दिसते.

या खतावणीत दोषी कोण, तेही पाहावे. पनीर नव्हे. त्या ७५ ग्रॅम पनीरमधून सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतात. शाकाहारी घरात पनीर आणि डाळ या जमेच्या बाजू आहेत. खर्च वाढवतात ते रश्श्यातले तेल-लोणी, नानावरचा लोण्याचा हात, लस्सीतली साखर आणि तळण. त्याच टेबलावर लोणी न लावलेल्या दोन तंदुरी रोट्या (३४०), निम्मी पनीरभाजी (२४०), वरून तूप न घातलेली डाळ व भात (२७५) आणि साखर नसलेले ताक (४०) मागवले, तर बेरीज ८९५ होते. पोट तितकेच भरते, उष्मांक मात्र जवळजवळ निम्मे होतात.

हे गणित नवे वाटले, तरी त्याची शिस्त आपल्या घरात फार जुनी आहे. शास्त्रकारांनी सांगितलेल्या सहा विगई अशा : दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ. हॉटेलच्या ताटात छुपा खर्च कोठे असतो, याची याहून नेमकी यादी करणे कठीण. चौदा नियम धारण करणारे श्रावक-श्राविका रोज सकाळी द्रव्यांची व विगईंची संख्या ठरवतात आणि सायंकाळी ती तपासतात. बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊणोदरी येते. दिगंबर परंपरा तिलाच अवमौदर्य म्हणते. भुकेपेक्षा चार घास कमी घेणे हे तिचे स्वरूप. या व्रतांचा हेतू आत्मशुद्धीचा आहे आणि तो वजनकाट्यावर आणू नये. पण घरी विगई मोजणारा श्रावक हॉटेलात शिरताच मोजणे विसरतो, यात शरीर आणि नियम दोहोंचेही नुकसान आहे.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. गाडी वाहतुकीत अडकलेली, घड्याळ पुढे सरकणारे. अशा वेळी हॉटेलात घाईघाईने, भुकेपेक्षा जास्त मागवले जाते, आणि ‘आता सकाळपर्यंत काही नाही’ या धास्तीने खाल्लेही जाते. यावर जुना उपाय अजून चालतो. घरून निघतानाच डब्यात खाकरा, ठेपले, मूग आणि थोडे भाजलेले चणे घ्यावेत. हॉटेलात मग ताक आणि वाटीभर डाळ पुरते.

हॉटेलात तीन गोष्टी निःसंकोच सांगाव्यात : रोटीला लोणी नको, भाजीत तेल व साय कमी, डाळीवर तूप वेगळ्या वाटीत. चार माणसांत दोनच भाज्या मागवाव्यात. उरलेले बांधून घ्यावे. मात्र रात्रीभोजन न करणाऱ्या घरात ते कोण व केव्हा खाणार, हे मागवण्यापूर्वीच ठरवावे. सचित्त त्याग असलेल्यांनी कच्च्या कोशिंबिरीऐवजी उकडलेली भाजी विचारून पाहावी. वाढती मुले, गर्भवती स्त्रिया आणि मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणारे यांनी मात्र आहार कमी करण्यापूर्वी वा उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

समाजातील अनेक कुटुंबे स्वतः हॉटेल, मिठाई आणि केटरिंगच्या व्यवसायात आहेत. दहा शाखा होईपर्यंत कायद्याची वाट त्यांनी का पाहावी? मेनूकार्डावर ‘जैन’ या शब्दाशेजारी ‘कमी तेलात’ असा एक पर्याय छापला, तर तो ग्राहकाचीही सेवा होईल आणि व्यापाराचीही.

ज्या घरात दिवाळीला वहीपूजन होते, त्या घरात हिशेबाची सवय शिकवावी लागत नाही. एक महिना बाहेरच्या प्रत्येक जेवणाची नोंद करावी : तारीख, काय घेतले, किती विगई. महिनाअखेर बेरीज स्वतःच बोलेल. दुकानातली तूट पुढच्या हंगामात भरून निघते. शरीरातली तूट इतक्या सहज भरत नाही.