फुललेला फायटर चिडलेला असतो, बरं का!

मैत्रिणींनो, जयसिंगपुरात तुमची गल्ली पहिली असो की दहावी, मुलांच्या हट्टापायी बरणीतला फायटर मासा घरी आला, की पाहुण्यांपुढे त्याला आरसा दाखवायचा मोह होतोच. कल्ले फुगवून, पर पसरून तो दिसतो तरी किती देखणा! पण ते नटणे नव्हे. आरशातला मासा त्याला वैरी वाटतो, अन् हा वैरी काही केल्या हटत नाही. वरचेवर असे केल्यास बिचारा थकून जातो.

घाबरलेल्याची लक्षणे निराळी. रंग फिका पडतो, पर अंगाशी मिटतात, खाणे सुटते. मादीच्या अंगावर तर डोक्याकडून शेपटीकडे पट्टे उमटतात. लगेच औषधे ओतू नयेत, आधी पाणी पाहावे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच घालावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. हा मूळचा थायलंडच्या भातखाचरांतला, त्याला २५ ते २७ अंशांचे कोमट पाणी मानवते. आपल्याकडच्या थंडीत बरणी खिडकीत ठेवली, की तो तळाशी सुस्त पडतो. बरणीपेक्षा दहा-बारा लिटरची काचपेटी अन् लपायला थोडी पाणवनस्पती केव्हाही बरी. तो वर येऊन हवा घेतो तो मात्र आजार समजू नये. झाकणाखाली तेवढी जागा ठेवावी. आणि दोन नर एका पेटीत? मुळीच नको!