भाडेकरूच्या मीटरचं काय? महावितरणला शेंद्र्याहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, प्रकाशगड, वांद्रे (पूर्व), मुंबई.

महोदय,


छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघालं की वीसेक मिनिटांत आमचं शेंद्रा लागतं. एका बाजूला एमआयडीसीचे कारखाने, पुढे ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचे रुंद रस्ते, आणि मधे आमची जुनी गावं: शेंद्रा कमंगर, कुंभेफळ, लाडगाव, करमाड. उद्योगांसाठी जमिनी गेल्या तेव्हा एकरी 23 लाखांच्या आसपास मोबदला मिळाला. कुणी गाडी घेतली, कुणी लग्नं उरकली, आणि ज्यांना थोडं पुढचं सुचलं त्यांनी घराच्या मागे खोल्या काढल्या. खोल्या काढणाऱ्यांतलाच मी एक. तेव्हा हे पत्र एका घरमालकाचं आहे हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याने आमच्या गल्लीतले चार जण माझ्याशी काही दिवस बोलणार नाहीत.

आधी चांगलं सांगतो. सौर पॅनल स्वस्त झाले, हे आता खेड्यातल्या माणसालाही पटलं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एक किलोवॅटला लाखाच्या आसपास खर्च यायचा आणि ते श्रीमंताचं वेड समजलं जायचं. चीनमधल्या कारखान्यांनी उत्पादन इतकं वाढवलं की जगभर पॅनलचे भाव कोसळले. आपल्याकडे फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर साहित्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. सरकारी हिशोबाने तीन किलोवॅटची किंमत 1 लाख 45 हजार, त्यातून अनुदान वजा जाता हातचे 67 हजार. प्रत्यक्षात कोटेशन याच्या वरच येतं. अनुदान हवं तर देशी सेलचेच पॅनल लागतात आणि ते महाग पडतात. शिवाय पाण्याच्या टाकीच्या वर उंच स्ट्रक्चर हवं असेल तर लोखंडाचे पैसे वेगळे. पॅनलचे भाव आणखी उतरले तरी लोखंड, वायर, अर्थिंग आणि मजुरी काही उतरत नाही, हेही खरं. तरीसुद्धा सौदा फायद्याचा आहे, यात शंका नाही.

प्रश्न आहे तो फायदा कुणाचा हा.

आमच्याकडच्या खोल्यांची वीज कशी मोजली जाते ते सांगतो. घरावर महावितरणचं एक मीटर. आतून प्रत्येक खोलीला वायर गेलेली, आणि न्हाणीघराशेजारच्या भिंतीवर लाकडी फळीवर ओळीने लावलेले सबमीटर. प्रत्येकाखाली खडूने खोलीचा नंबर. महिन्याच्या एक तारखेला घरची बाई वही घेऊन येते, मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, वजाबाकी, गुणिले दर. दर कुठे दहा रुपये, कुठे बारा.

दहा-बारा ऐकून बाहेरच्याला ही लूट वाटते. सौरच्या आधी ती तशी नव्हती. एक घर आणि पाच खोल्या धरा. सहा बिऱ्हाडांचे प्रत्येकी साठ युनिट. सहा वेगळी मीटरं असती तर सगळे शंभराच्या आत, सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसले असते. पण मीटर एक आहे, त्यामुळे बिल 360 युनिटचं येतं. पहिल्या शंभरानंतरचा दर जवळपास दुप्पट, आणि तीनशेच्या वरचे साठ युनिट त्याहून महाग. वर स्थिर आकार, वीज शुल्क. सरासरी काढली तर घरमालकाला युनिट साधारण तेवढ्यालाच पडायचं जेवढ्याला तो देत होता. गरिबासाठी ठेवलेला स्वस्त टप्पा गरिबाला मिळत नव्हता, पण ते पैसे मधे कुणी खातही नव्हतं.

आता त्याच घरावर तीन किलोवॅट बसवा. आमच्या मराठवाड्याच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो. महिन्याचे झाले 360. घरमालकाचं बिल स्थिर आकारापुरतं उरलं. सबमीटरचा दर मात्र दहाच राहिला. पाच खोल्यांचे तीनशे युनिट, महिन्याला तीन हजार रुपये. हातच्या 67 हजारांना तीन हजारांनी भागून बघा, दोन वर्षांच्या आत रक्कम वसूल. कोटेशन चढं असेल तर अडीच-तीन वर्षं धरा. पॅनल पुढे वीस-पंचवीस वर्षं चालणार. म्हणजे 78 हजार जनतेच्या तिजोरीतून, उरलेले भाडेकरूच्या खिशातून, आणि छत घरमालकाचं म्हणून कमाईही घरमालकाची. भाडेकरूचं बिल किती कमी झालं? शून्य. दर कमी करायचा की नाही हे माझ्या मर्जीवर आहे, आणि सरकारी योजनेचा लाभ माझ्या मर्जीवर असता कामा नये.

हा भाडेकरू कोण, तेही बघा. परभणी, हिंगोली, बीडकडून आलेला, नाहीतर बिहार, उत्तर प्रदेशातला. कंत्राटावर, तीन पाळ्यांत काम करणारा. खोलीत एक पंखा, एक ट्यूब, मोबाइलचा चार्जर, उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर. तिसऱ्या पाळीचा पोरगा सकाळी आठला येतो, अंघोळ करून नऊला झोपतो. मे महिन्यात पत्र्याखाली दिवसा झोप म्हणजे काय असतं ते शेंद्र्यात येऊन अनुभवावं. त्याचा पंखा आणि कूलर नऊ ते पाच चालतात, नेमका त्याच वेळात ज्याला आपण सौर तास म्हणता, ज्यासाठी स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून युनिटमागे 80 पैशांची सवलत दिली. छतावरची वीज तयार होत असताना जागच्या जागी वापरणारा याच्याइतका चांगला ग्राहक आपल्याला शोधून सापडणार नाही. पण आपल्या दप्तरी तो ग्राहकच नाही. ना नाव, ना ग्राहक क्रमांक.

म्हणूनच राज्य सरकारची 2025 ची छतावरच्या सौर विजेची ‘स्मार्ट’ योजना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. योजना उत्तम आहे, मनापासून सांगतो. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापरणाऱ्या पाच लाख ग्राहकांसाठी 655 कोटी. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 50 हजारांचा एक किलोवॅटचा संच, केंद्राचे 30 हजार, राज्याचे साडेसतरा हजार, स्वतःचे फक्त अडीच हजार. गरिबाच्या घरावर सौर बसवायचा याहून सरळ मार्ग मी पाहिलेला नाही. पण त्यासाठी आधी स्वतःच्या नावाचं मीटर हवं, आणि वर स्वतःचं छत हवं. खोलीतल्या माणसाकडे दोन्ही नाही.

आपण मान्याचीवाडीचं उदाहरण द्याल. पाटण तालुक्यातलं ते गाव 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, कौतुकाचीच गोष्ट. आमच्याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात धोंदलगावला शेतीसाठीचा 3 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला पहिला. पण मान्याचीवाडीत ज्याचं घर त्याचंच छत. कारखान्यांभोवतीची गावं तशी नाहीत. वाळूज घ्या, चाकण घ्या, सिन्नर घ्या, सगळीकडे खोल्यांच्या चाळी आणि फळीवरचे सबमीटर.

उपाय अवघड नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जोडणी मागण्याचा हक्क मालकाइतकाच भोगवटादारालाही आहे. तेव्हा पहिलं काम, खोल्यांना स्वतंत्र मीटर द्या. नुसत्या त्याने भाडेकरूच्या हातात फार काही उरणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण स्थिर आकार प्रत्येक मीटरला वेगळा लागेल आणि साठ युनिट वापरणाऱ्याला तो जड जातो. खरा फरक दुसऱ्या कामाने पडेल. एका छतावरची वीज ठरलेल्या हिश्श्याने अनेक मीटरांच्या बिलांतून वजा करायची, ज्याला आभासी नेट मीटरिंग म्हणतात, ती पद्धत सूर्यघर योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांना मान्य आहे. दिल्लीने त्यासाठी 2019 मध्येच नियम केले. तीच शेंद्र्यात राबवा. फक्त एक करा, विजेचा हिस्सा माणसाच्या नावाला न जोडता खोलीच्या मीटरला जोडा. आमच्याकडे भाडेकरू अकरा महिन्यांत बदलतो. आज इथे, उद्या रांजणगावला. तो गेला की हिस्सा त्या खोलीत पुढे येणाऱ्याला मिळावा.

मग घरमालक छत का देईल, असं कुणी विचारेल. त्याला छताचं ठरावीक भाडं द्या. तेही नको असेल तर इतकं सांगतो की ज्या खोलीचं लाइटबिल दीडशे-दोनशे येतं ती एक दिवस रिकामी राहणार नाही, आणि शंभर रुपये भाडं जास्त मागितलं तरी कुणी कुरकुर करणार नाही. आम्हा घरमालकांना एवढा हिशोब नक्की येतो.

एक लहानशी गोष्ट जाता जाता. जादा तयार झालेल्या युनिटचा हिशोब 31 मार्चला बंद होतो आणि उरलेले युनिट कमी दराने घेतले जातात. हिवाळ्यात पंखे बंद असताना साठवलेले युनिट नेमके कूलर बाहेर काढायच्या वेळी जातात. हा नियम वीज नियामक आयोगाचा आहे, आपला नाही. पण आयोगापुढे दरवाढीची याचिका घेऊन आपण जाताच, तर ही एक मागणीही सोबत न्या. हिशोबाचं वर्ष जूनअखेर संपवा एवढंच म्हणायचं आहे.

मागणी मोठी नाही. शेंद्रा, कुंभेफळ, लाडगाव आणि करमाड एवढी चार गावं घ्या. आपले अभियंते पाठवून खोल्या आणि सबमीटर मोजा, शंभर खोल्यांवर एक वर्ष हा प्रयोग करून बघा. पहिल्या शंभरात माझ्या पाच खोल्या धरा. छत मोकळं आहे, सावली नाही, जिना बाहेरून आहे. ऑफिसच्या वेळेत कधीही या.

आपला,
शेंद्रा कमंगर येथील एक घरमालक व वीजग्राहक