आधी प्लेटलेट, मग कार-टी?

‘नांदेड-लातुरात प्लेटलेटच्या पिशवीसाठी नातेवाईक धावतात, तिथे कार-टी पेशींच्या गप्पा कशाला?’ हा आक्षेप मराठवाड्याच्या कळवळ्यातून येतो, तरीही तो चुकीचा आहे.

कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढतात, कर्करोगी बी-पेशींवरचे सीडी१९ प्रथिन ओळखता येईल असा बदल त्यांच्यात घडवतात, वाढवतात आणि शिरेतून परत देतात. आयआयटी मुंबईतला राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी घडवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पण सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असते. त्याही मरतात, जंतुसंसर्गाचे भय महिनोन्‌महिने राहते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. टाटाच्या खारघर केंद्रातून उपचार घेऊन घरी परतलेल्या किनवटच्या किंवा उदगीरच्या पोराला मध्यरात्री ताप चढला, तर मुंबई कामाची नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे किंवा लातूरचे सरकारी रुग्णालयच गाठावे लागणार. म्हणजे तिथली रक्तपेढी आणि रात्रपाळीचा डॉक्टर हा या उपचाराचाच भाग आहे. प्लेटलेट की कार-टी, हा वादच खोटा.

‘गरिबांवर प्रयोग’ हा दुसरा आक्षेप. चाचणीत लेखी संमती लागते, नीतिमत्ता समितीची नजर असते, आणि इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई २०१९च्या नियमांनी बंधनकारक आहे. चाचणी झाली म्हणूनच खरे आकडे हाती आले. नेक्सकार१९ची ६४ जणांवरची चाचणी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त छापून आली: तपासता आलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना गुण आला. पण तीव्र रक्तकर्करोगाच्या निम्म्या रुग्णांत काही महिन्यांतच रोगाने पुन्हा डोके वर काढले किंवा मृत्यू ओढवला, आणि दोघे उपचारामुळेच दगावले. ‘चमत्कार’ म्हणणाऱ्यांनी हेही वाचावे. इतक्या कमी काळाची उसंत मिळत असेल, तर आणखी चाचण्या हव्यात, कमी नव्हेत.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. परदेशातल्या तीन-चार कोटींच्या तुलनेत इथला तीस-पन्नास लाखांचा खर्च कमी दिसतो. पण राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचे कवच पाच लाखांचेच. ही दरी शासनानेच भरली पाहिजे.

आणि एक काम आजच करता येईल. केमोथेरपीचे फेरे वाढत जातात तशा टी-पेशी दुबळ्या होतात. म्हणून रोग उलटल्याचे कळताच, त्याच आठवड्यात, नांदेड-लातूरच्या डॉक्टरांनी रुग्णाची कागदपत्रे टाटाच्या खारघर केंद्राकडे धाडावीत.