नायकाला मरू द्या, पण त्याचं मरण वाया घालवू नका

वाघोलीतल्या गेम खेळणाऱ्या आणि उद्या गेम घडवणाऱ्या तरुणांनो,

विज्ञानकथेच्या गेममध्ये नायकाने तीस-चाळीस तास झुंजून अखेर सर्वस्व गमवावं का, यावर दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, आम्ही जिंकायला खेळतो, आम्हाला रडवू नका. दुसऱ्याला वाटतं, नायक मारला आणि जग बेचिराख केलं की कथा आपोआप प्रौढ होते. हे पत्रक दोघांच्याही विरोधात आहे. हानी हवी, जिव्हारी लागणारी हवी. पण ती खेळणाऱ्याने घेतलेल्या निर्णयांतून आली पाहिजे, आणि तिच्यानंतर काय उभं राहिलं हे दाखवल्याशिवाय पडदा पडता कामा नये.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शेजारीच आहे. लोणीकंद-फुलगावच्या वाटेने गेलं की तुळापूर लागतं, पलीकडे वढू बुद्रुक. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हाल हाल करून हत्या केली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले, राजाराम महाराजांना दूर जिंजी गाठावी लागली. इथेच गोष्ट थांबवली तर उरतो निव्वळ विध्वंस. पण संताजी-धनाजींनी मोगली फौजांना उसंत मिळू दिली नाही, १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी लढा पुढे नेला, आणि १७०७ मध्ये बादशहा दिल्लीचं तोंड न पाहता इथेच, अहमदनगरजवळ मेला. त्या अठरा वर्षांमुळे तुळापूरचं दुःख तसूभरही हलकं होत नाही. उलट ते किती मोठं होतं हे आपल्याला त्यांच्यामुळेच कळतं.

आता गेमकडे पाहा. २०१० च्या ‘हेलो: रीच’मध्ये ग्रह पडतो, तुकडीतले जवळजवळ सगळे एकेक करून मरतात आणि तुम्ही चालवत असलेला सैनिकही मरतो. तरी त्या शेवटाने खेळणाऱ्याची फसवणूक झाली नाही, कारण सोपवलेली गोष्ट जहाजापर्यंत पोचते, जहाज निसटतं, आणि कित्येक वर्षांनी पुन्हा हिरवा झालेला तोच ग्रह आपण पाहतो. १६६० मध्येही असंच घडलं: बाजीप्रभूंनी खिंड अडवली आणि शिवाजी महाराज विशाळगडावर पोचले. मराठी माणसाला हा शेवट समजावून सांगावा लागत नाही. याउलट २००८ च्या ‘फॉलआउट ३’मध्ये नायकाला जीवघेण्या किरणोत्सर्गात शिरायला सांगतात, आणि ज्याला किरणोत्सर्गाने काहीच होत नाही असा साथीदार शेजारी उभा राहून नकार देतो. हे लेखकाने लादलेलं मरण होतं. पुढच्याच वर्षी पुरवणी काढून ती चूक सुधारावी लागली. ‘मास इफेक्ट ३’चंही तसंच. तीन भागांतल्या शेकडो निर्णयांचा हिशेब मार्च २०१२ मध्ये एका निवडीत आणि घाईच्या काही दृश्यांत गुंडाळला गेला. खेळाडू खवळले, तेव्हा जूनमध्ये विस्तारित शेवट फुकट दिला गेला. त्यात नायक शेपर्डचं बलिदान रद्द केलं नव्हतं. त्यानंतरचं जग दाखवलं होतं. माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे.

काही जण म्हणतील, खऱ्या युद्धात मरण निरर्थकच असतं, त्याला अर्थ चिकटवणं खोटेपणा आहे. युद्धाची निरर्थकता दाखवणारा गेम जरूर बनवावा, पण पहिल्या तासापासून तसाच बनवावा. ‘तुझ्या निर्णयाने जग बदलेल’ असं वचन देऊन शेवटच्या दहा मिनिटांत ते मोडणं याला वास्तववाद म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे: दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला रात्री पराभव कशाला? त्याला पराभव टाळण्याची खरी संधी द्या, हे माझं उत्तर. ‘मास इफेक्ट २’च्या शेवटच्या मोहिमेत नीट तयारी केली तर सगळे वाचतात, हयगय केली तर एकामागून एक साथीदार जातात. तिथे गेलेला प्रत्येक जीव खेळणाऱ्याला आपला वाटतो, कारण तो वाचू शकला असता.

हा वाद आपल्या गावापासून दूरचा राहिलेला नाही. ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने बनवला, आणि विज्ञानकथेच्या विश्वातला ‘इंडस’ २०२४ मध्ये सुपरगेमिंगने आणला. वाघोलीच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुलं असे गेम घडवतील, तेव्हा त्यांच्याकडे एकच मागणं आहे: कथेचा आराखडा मांडताना नायकाच्या मृत्यूआधी, त्याच्यानंतरच्या वर्षांचं पान लिहा. ते लिहिता आलं नाही, तर नायकाला अजून मारू नका.