आत्याबाईचा अंगठा

परवा लंच टेबलवर विषय निघाला, करिअर असावं तर नंदन निलेकणींसारखं. यात वाद नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस १९७८ साली आयआयटी मुंबईतून बाहेर पडतो, १९८१ मध्ये सहा सहकाऱ्यांबरोबर पुण्यात इन्फोसिस काढतो, २००२ ते २००७ तिचा सीईओ असतो आणि २००९ मध्ये कंपनी सोडून सरकारात 'आधार' उभं करायला जातो. २०१४ ची लोकसभा हरतो, २०१७ मध्ये कंपनी अडचणीत आल्यावर चेअरमन म्हणून परततो. आपण दोन वर्षांत ऑनसाइट नाही मिळालं की रिझ्युमे अपडेट करणारे पामर. आपण काय बोलणार!

पण एक मित्र पुढे म्हणाला, "अरे, त्यांनी गरीब माणसाला ओळख दिली! पहिलं आधार टेंभलीत दिलं ना?" दिलं. नंदुरबार जिल्ह्यात, २९ सप्टेंबर २०१० ला. पण ओळख दिली? कप्पाळ!

मी मूळचा चंद्रपूरचा. माझी आत्या मूल तालुक्यात एकटीच राहते. चाळीस वर्षं चिखलात धानाची रोवणी केली, बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. मागे एका महिन्याच्या तांदळासाठी तीन खेपा झाल्या. फोनवर म्हणाली, "मशीन म्हनते हे तू नाई. मंग मी कोन आहो बाप्पा?"

आपल्या भाषेत ही एज केस. लो प्रायॉरिटी, नंतर बघू. पण २०१८ मध्ये खुद्द यूआयडीएआयने सुप्रीम कोर्टात सांगितलं की सरकारी सेवांमध्ये ऑथेंटिकेशन यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. (फेल झालं म्हणजे लाभ नाकारला असं नव्हे, हेही त्यांनी सांगितलं. बरं.) शंभरात बारा! आपल्या प्रॉडक्शनमध्ये असं झालं तर रात्री दोनला रोलबॅक होतो, आणि मॅनेजर तोंड लपवतो.

आणि ओळखीचंच म्हणाल तर त्याच २००९ मध्ये, आमच्या शेजारच्या गडचिरोलीत, मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तोही कुणी दिला नाही, गावाने वर्षानुवर्षं भांडून घेतला. बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती यायला तर एप्रिल २०११ उजाडलं, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. एक जण जरी अडला तरी विषय पुन्हा चर्चेला. भयंकर स्लो सिस्टिम, पण 'नंतर बघू' म्हणून कुणाला बाजूला सारता येत नाही.

मित्र म्हणाला, "१४० कोटींना हे स्केल होणार का?" नाही होणार, मान्य. पण मग स्केलचं श्रेय एका माणसाच्या सीव्हीवर आणि बारा टक्क्यांच्या खेपा आत्याच्या पायांवर, हा हिशोब कुठला?

त्यावर तो हसला, "इमोशनल होतोयस."

असेल. त्याला म्हटलंय, दिवाळीत मूलला चल. बल्लारशा-गोंदिया लाइनवर आहे. तिकीट माझ्याकडून. आत्याबरोबर रेशनच्या रांगेत फक्त तू उभा राहा.